जवारीच्या वावरातली नगरी

दिवाळीच्या आगेमागे सकाळी अंगणात उभी राहिले की माझा उजवा हात आपोआप खांद्याच्या वर जातो. गोफण फिरवायला. हातात गोफण नसते, समोर वावरही नसतं. खामगावातल्या आमच्या गल्लीत समोर असते शेजाऱ्यांची गच्ची आणि तिच्यावर वाळत घातलेल्या चादरी. पण हवेत तो कोरडा, गोडसर गारवा आला की हाताला वाटतं, जवारी भरली, आता पाखरं येतील. सत्तरी कधीच उलटली, शाळेत मास्तरकी करून निवृत्त झाले, पण हात काही शहाणा झालेला नाही.

मागच्या वर्षी मी मुद्दाम गावाकडे जाऊन आले. संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कपाशी आणि सोयाबीन. जवारी औषधाला म्हणून दिसली नाही. कपाशी काही पाखरं खात नाहीत, तेव्हा राखण कसली आणि माळा कसला? आमच्या वावराच्या मधोमध चार खांबांचा जो माळा होता तिथे आता विजेचा खांब आहे. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. नव्या मालकाच्या गड्याला वाटलं असेल, म्हातारी वाट चुकली.

माझी नात सई दिवाळीला पुण्याहून येते. यंदा ती एकटी आली नाही, दोन मैत्रिणी घेऊन आली आणि सोबत एक जडशीळ पिशवी. फराळाचा डबा असेल म्हणून मी उचलायला गेले तर आत पुस्तकं. एकेक पुस्तक विटेएवढं. हे सगळं एका खेळाचं आहे म्हणे. एकजण सांगणारा असतो, बाकीचे कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर अशी सोंगं घेतात. सांगणारा सांगतो, तुम्ही आता एका जंगलात आलात, समोर पडका दरवाजा आहे. मग ज्याने त्याने आपल्या सोंगाला शोभेल ते बोलायचं, करायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. सई मला हे समजावून सांगत होती आणि मी तिच्याकडे बघत होते. तिला वाटलं आजीला कळत नाहीये, म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मला पहिल्या वाक्यातच कळलं होतं. आम्ही त्याला नगरी म्हणायचो.

द्वारकाआत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन गेली आणि पुढच्याच पावसाळ्यात नवरा तापाने गेला, तशी परत आली. आमच्याकडे तेव्हा पाटाची चाल होती, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न लावायचे, पण साजेसं स्थळ मिळेपर्यंत ती घरातच. फिकं लुगडं, मोकळं कपाळ, मोकळे हात. वय असेल पंचविशीच्या आत. लग्नकार्यात ती चुलीपाशी, हळदीकुंकवाच्या वेळी गोठ्यात. कोणी तिला तसं सांगत नसे, तीच जात असे. जवारी भरायला लागली की मात्र बाबा तिला आम्हा पोरांबरोबर पाखरं राखायला वावरात धाडायचे. मी तिसरीत, माझा चुलतभाऊ नारायण सहावीत आणि त्याची बहीण शांता एवढीशी, तिला माळ्यावर उचलून चढवावं लागे. सकाळी उन्हं वर येईपर्यंत आणि पुन्हा दिवस कलला की पाखरांची धाड यायची. मधल्या दुपारी पाखरंही सावलीला बसत. ती दुपार आत्याची होती.

शाळेच्या भिंतीवरचा जुना नकाशा काढून मास्तरांनी नवा लावला, त्याच सुमाराची ही गोष्ट. मी माळ्यावर चढून मोठ्या तोऱ्यात आत्याला बातमी दिली की आपण आता महाराष्ट्रात आहोत. ती म्हणाली, "मंग आदी कुठं होतो?" मला सांगता येईना. ती म्हणाली, चल, ते राहू दे, आपण आज कुठं आहोत ते मी सांगते. आणि पदराच्या गाठीतून तिने कवड्या काढल्या.

ती सांगायची आणि आम्ही सोंगं घ्यायचो. नारायण सेनापती, मी कधी वैदू, कधी वाटाड्या, शांता बहुतेक वेळा घोडा, कारण तिला बोलायचं फार नसे. आत्या सांगायची, "आता डोंगर संपला. पुढं कोरडी विहीर हाय. आतून कोनीतरी हाका मारून राह्यलं." मग उतरायचं की पळायचं ते आपण ठरवायचं आणि कवड्या टाकायच्या. उताण्या जास्त पडल्या तर जमलं, पालथ्या जास्त पडल्या तर भोगा. आणि भोगायला खरंच लागायचं. नारायणाचा सेनापती एकदा नुसत्या दह्यातून विषबाधा होऊन मेला, तेव्हा तो संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलला नाही.

नियम तसे थोडे होते, पण एक पक्का होता. सोंगात असताना आपल्या नावाने बोलायचं नाही. कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. सोंग उतरवून, कवड्या टाकून मगच माणसात यायचं. मधेच बोललं तर नगरी बुडाली. एकदा वाटेवरून जाणाऱ्या माझ्या मामाने मला हाक मारली आणि मी वैदू असल्यामुळे त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मामाने घरी जाऊन मायला विचारलं की पोरीला कमी ऐकू येतं का.

या खेळाला चित्रं होती. ती बुजगावण्याच्या मडक्यावर असायची. दरवर्षी फुटक्या गळ्याचं एक मडकं आत्या घ्यायची, चुन्याने पांढरं करायची आणि बाभळीच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्याने काजळी आणि गेरूत तोंड रंगवायची. गावात बाकीच्यांची बुजगावणी दात विचकणारी, मिशा पिळणारी. आत्याच्या राक्षसाला मिशा नव्हत्या. भुवया वर गेलेल्या, डोळे मोठे, तोंड जरासं उघडं, कोणाच्या तरी दारात केव्हापासून ताटकळत उभा असल्यासारखा. बाबा हसायचे. म्हणायचे, "ह्याले पाहून पाखरं भेतीन का ह्याले जेवाले वाढतीन?" आत्या म्हणायची, "भुकेला हाय तो. भुकेल्याचंच भेव वाटते मानसाले." आणि खरंच, दुपारी एकटीने त्याच्या जवळून जायची मला हिंमत होत नसे.

सईच्या पिशवीतलं एक पुस्तक जुनं, पिवळ्या पानांचं, कुठल्याशा रद्दीच्या दुकानात मिळालेलं. ते चाळताना मी त्या मडक्यापाशी जाऊन पोचले. काळ्या शाईची चित्रं, कच्च्या हाताची. भुयाराच्या तोंडाशी दोनतीन माणसं उभी, अंगात ढगळ कपडे, हातात दिवटी, चेहऱ्यावर कशाला आलो इथे असा भाव. अंधार पानाच्या कडेपर्यंत पसरलेला. राक्षस अर्धाच दिसतो, पण जेवढा दिसतो तेवढा एकटा वाटतो. मग तिने नवं पुस्तक उघडून दाखवलं. गुळगुळीत कागद, झगझगीत रंग. सगळे देखणे, चिलखतं घासून लख्ख, केस वाऱ्यावर, दात पांढरेशुभ्र. राक्षससुद्धा न्हाऊनमाखून फोटो काढायला आलेले. मी म्हटलं, यांना कोणी मारेल असं वाटत नाही बाई. सई म्हणाली, हल्ली खेळात सहसा कोणी मरतच नाही.

मग तिने खुलासा केला. पूर्वी चुकीचं दार उघडलं की खेळ खलास, लोक दुसरं सोंग घेऊन बसायचे, त्याला नाव देण्याइतकाही जीव लावायचे नाहीत. आता प्रत्येक सोंगाला आईबाप असतात, जुनी दुखणी असतात, कोणाशी तुटलेलं असतं. कोणी तर राक्षस मारायचं सोडून चहाचं दुकानच टाकतं. जुने खेळणारे कुरकुरतात की सगळं मिळमिळीत झालं, आणि नवे म्हणतात की तुमचं ते निष्ठुर होतं. मला दोघांचंही पटलं. आत्याच्या नगरीत माणसं पटापट मरायची आणि त्यांच्यासाठी आम्ही रडायचोही.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचं आहे त्या वर्षी बुजगावण्याला घालायला बाबांची जुनी बंडी मिळेना. आत्याने आपल्या पेटीतून हिरवं लुगडं काढलं, तिचं लग्नातलं. माय म्हणाली, काऊन बाई, असू दे. आत्या म्हणाली, "पेटीत सडून राह्यलं. पाखरायले तरी दिसू दे." अशी त्या वर्षी वावरात राक्षसाच्या जागी बाई उभी राहिली. मडक्यावर आत्याने बाईचा चेहरा काढला, कपाळावर गेरूचा मोठा टिळा लावला.

आणि दुपारी नगरी मांडली की आत्या ते लुगडं बुजगावण्याच्या अंगावरून उतरवून स्वतः नेसायची. ती राणी व्हायची. जवारीच्या ओल्या धांड्याची साल काढून आम्ही पोरं चष्मे, बैलगाड्या करायचो, त्याच हिरव्या सालीच्या बांगड्या मी तिला करून द्यायची. कपाळाला गेरू. ती माळ्यावर चढून बसली की शांता तिच्याकडे बघतच राहायची. मीही. आमच्या घरात एवढी देखणी बाई आहे हे आम्हाला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं. दिवस कलायच्या आत लुगडं परत बुजगावण्यावर जायचं, गेरू पुसला जायचा, बांगड्या बैलापुढे पडायच्या आणि आत्या घरी येऊन भाकरी थापायला बसायची.

त्याच वर्षी तिला स्थळ आलं होतं. दुसरबीडचं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं. बिजवर माणूस, मूलबाळ नाही, घरची शेती. शेगावला दर्शनाच्या रांगेत कोणा मध्यस्थाची आणि बाबांची गाठ पडली आणि बोलणं निघालं. ते लोक दिवाळीनंतर सवडीने बघायला येणार होते, दिवस काही ठरला नव्हता. आत्या आपण होऊन काही विचारत नसे. पण एकदा भाकरी थापता थापता तिने मायला विचारलं, "त्यायच्या वावरात विहीर हाय म्हनते, खरं का?" माय नुसती हसली. तेव्हापासून आत्या गुणगुणायला लागली. तिला ते घर हवं होतं. नवऱ्याचं तिने काही विचारलं नाही, पण त्या विहिरीच्या काठाला काय काय लावायचं हे तिने मला माळ्यावर बसून सांगितलं होतं. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि एका कडेला झेंडू.

त्या दुपारी खेळ ऐन रंगात होता. राक्षसाचे हेर एका मुलीच्या शोधात नगरीत शिरणार होते आणि राणीने तिला लपवलं होतं. आत्या माळ्यावर, हिरव्या लुगड्यात, सालीच्या बांगड्या, कपाळभर गेरू. आम्ही खाली जवारीत दबा धरून. एवढ्यात धुऱ्यावरून, बांधाच्या वाटेने, खरंच दोन माणसं आली. एक म्हातारे, फेटा बांधलेले. त्यांच्या मागे एक मुकाट माणूस, काखेत कापडी पिशवी. फाट्यावर एसटीतून उतरून गावाकडे निघालेले. आमचं वावर गावाच्या अलीकडे लागायचं. म्हातारे माळ्याखाली थांबले, वर बघून त्यांनी रामराम घातला आणि बाबांचं नाव घेऊन विचारलं, हे वावर त्यांचंच ना? त्यांची बहीण द्वारका, ती घरीच असते ना?

नारायणाने माझा हात घट्ट दाबला. त्याला वाटलं, आत्याने खेळासाठी खरे हेर बोलावून आणले.

आत्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या माणसाकडे, मग खाली आमच्याकडे. आम्ही बघत होतो, राणी काय म्हणते.

"द्वारका आता इथं नाई," ती म्हणाली. "गेली."

म्हातारे चपापले. कुठं दिली, त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, लांब. मग ती खाली उतरली आणि तिने त्यांना मडक्यातलं पाणी दिलं. मागचा माणूस दोन्ही हातांनी तांब्या धरून सगळं पाणी प्याला. तांब्या परत देताना तो एवढंच म्हणाला, "जवारी चांगली आली तुमची." आणि ते दोघे आल्या वाटेने फाट्याकडे परत गेले. घरी आलेच नाहीत. जिला दुसरीकडे देऊन टाकलंय तिच्या दारात बघायला म्हणून जाऊन उभं राहणं कसं दिसतं? आमच्याकडच्या भल्या माणसाला ते जमणार नाही. एखादा निगरगट्ट असता तर सरळ घरी येऊन बाबांना जाब विचारून गेला असता आणि सगळं तिथल्या तिथे उलगडलं असतं. ते भले निघाले.

नारायण ओरडला, नगरी वाचली. आत्या म्हणाली, "हाव. वाचली." तिने लुगडं सोडलं, नीट घडी घातली, मग घडी मोडून ते बुजगावण्याला नेसवलं. त्या दिवशी तिने कवड्या टाकल्या नाहीत.

पुढे मध्यस्थ आला तो रागावूनच. मुलगी आधीच दिली होती तर माणसांना एवढ्या लांबून हेलपाटा कशाला घालायला लावला? बाबांना काही उमगेना. ते पुन्हा पुन्हा विचारायला लागले की कोण म्हणालं असं, कोणी सांगितलं. चुलीपुढून आत्या म्हणाली, "मी म्हनलं." बाबा तिच्याकडे बघत राहिले. माय म्हणाली, काऊन बाई? आत्याने चुलीत काटकी सारली. दुसरबीडच्या माणसाचं तोवर दुसरीकडे जमलंही होतं. नंतर बाबांनी आणखी स्थळं आणली, पण तिने बघायचंच नाकारलं. बाबा तिला कधी टाकून बोलले नाहीत, पण त्या वर्षानंतर मडक्याकडे बघून ते हसलेही नाहीत.

पुढच्या सालापासून नगरी नारायणाने चालवली. कवड्या त्याच्याकडे आल्या. राक्षस आता भुकेले नव्हते, नुसते मारायचे होते आणि किती मारले ते नारायण खांबावर कोळशाने रेघा ओढून ठेवायचा. बुजगावण्याला त्याने ऑइलपेंटने सिनेमातल्यासारख्या मिशा काढल्या. आत्या माळ्याच्या एका कोपऱ्यात पाठमोरी बसून गोफण फिरवायची. तिचा नेम चांगला होता. काही वर्षांनी बुटकी संकरित जवारी आली, मग हळूहळू तीही गेली. हिरवं लुगडं त्या एका हंगामात उन्हाने विटून गेलं होतं, त्याचं मायने वाकळीला अस्तर लावलं. ती वाकळ मी बाळंतपणात पांघरली आहे.

मोठी झाल्यावर मी एकदा आत्याला विचारलंच. आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो. म्हटलं, आत्या, मागून धावत जाऊन सांगायचं होतंस की मीच द्वारका म्हणून. फाटा काय लांब होता? तिने हातातली शेंग फोडली. मग म्हणाली, "कपायाले गेरू, हातात बांगड्या. रांडव बाई तशी बसली होती माळ्यावर. कोन्या तोंडानं सांगू का मीच ते? अन् तुमी लेकरं पाहून राह्यले होते." थोड्या वेळाने म्हणाली, "सोंगातून भायेर याले येळ लागते, मंदे. तेवढा येळ कोनी थांबत नाई."

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत आमच्याच घरी होती. आम्हा सगळ्यांची बाळंतपणं तिनेच केली, सईच्या आईला न्हाऊमाखू तिनेच घातलं. तिच्यावाचून आमच्या घराचं पान हलत नसे. हे सगळं खरं आहे आणि तरी मला वाईट वाटतं. विहिरीच्या काठचा झेंडू तिला बघायला मिळायला हवा होता.

परवा दुपारी सईने जेवणाच्या टेबलावर खेळ मांडला. फासे ठेवले, नकाशा पसरला आणि मधोमध एक कोरं पांढरं कार्ड ठेवलं. हे काय, मी विचारलं. ती म्हणाली, "आजी, जुन्या खेळात हे नव्हतं. खेळताना कोणाला काही नको वाटलं, जड गेलं, तर ह्यावर बोट ठेवायचं. खेळ तिथेच थांबतो. का म्हणून कोणी विचारायचं नाही."

का म्हणून विचारायचं नाही? मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, नाही, तोच तर नियम.

मला घ्या म्हटलं तुमच्या खेळात. पोरी खूष झाल्या. कोण होणार, नाव काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राणी. नाव द्वारका. सईने लिहून घेतलं, तिला वाटलं मी पुराणातलं घेतलं. खेळ सुरू झाला. मला फासे बरे पडत होते, एक नदी मी सहज ओलांडली. दिवस कलला होता, खिडकीतून तोच गोडसर गारवा येत होता. सई आपल्या सांगणाऱ्याच्या आवाजात म्हणाली, "दुपारची वेळ आहे. दूरच्या गावाहून दोन प्रवासी तुझ्या दाराशी येतात. ते विचारतात, द्वारका इथेच राहते का?"

तिला काही ठाऊक नव्हतं. माझा हात पुढे गेला आणि मी त्या कोऱ्या कार्डावर बोट ठेवलं.

सईने फासे खाली ठेवले. तिची एक मैत्रीण उठली, आत गेली आणि तिने पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं. मी दोन्ही हातांनी भांडं धरून ते सगळं प्यायले, डोळे पुसले, चष्मा पुसला. पोरी नुसत्या बसून होत्या.

मग मी विचारलं, "सई, ते प्रवासी गेले का गं?"

"नाही आजी," ती म्हणाली. "ते उभे आहेत. तुझं झालं की सांग."